चाकोरीबाहेरच्या कॅटचा हिशेब

स्पेनमधील बिल्बाओ शहरात फेब्रुवारी २०१८ मध्ये झालेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या प्रो टूर स्पर्धेत अर्जेंटिनाच्या लुईस साल्वाटो याने अंतिम फेरीत अमेरिकेच्या जेरी थॉम्पसनला हरवून विजेतेपद पटकावले. विजेता कोण, यापेक्षा तो कशाच्या बळावर जिंकला याचीच चर्चा त्यानंतर अधिक झाली. साल्वाटोच्या कॅटमध्ये प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणारी पाने जवळपास नव्हतीच. एक कंदील, काही किरकोळ वाटणारी यंत्रे आणि एक पूल एवढ्या सामग्रीवर त्याने जगातील निवडक खेळाडूंना निष्प्रभ केले. ‘लॅन्टर्न कंट्रोल’ या नावाने ओळखला जाणारा हा कॅट कित्येक नामवंतांनी ‘गमतीपुरता ठीक’ म्हणून बाजूला ठेवला होता.

अशा विजयानंतर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. धाडसाला यश मिळाले, असे एक गट म्हणतो. नशिबाने साथ दिली, असे दुसरा म्हणतो. दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत. चाकोरीबाहेरचा कॅट घेऊन स्पर्धेत उतरणे हा बंडखोरीचा अथवा जुगाराचा मामला नसून इतरांच्या सवयींचा बारकाईने मांडलेला हिशेब असतो. मात्र हा हिशेब जमण्याची संधी गेल्या काही वर्षांत आक्रसत चालली आहे.

खेळ एक, कॅट अनेक

रमी, ब्रिज किंवा घरोघरी खेळला जाणारा मेंढीकोट यांत सर्वांसाठी सामाईक कॅट असतो. पाने पिसली जातात, वाटली जातात आणि हाती आलेल्या पानांवर कौशल्य दाखवावे लागते. ‘मॅजिक’ची रचना याहून मुळातच निराळी आहे. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी तयार केलेला हा खेळ अमेरिकेच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. त्यात प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. सर्वसाधारण स्पर्धांत कॅट किमान ६० पानांचा असावा लागतो. मूलभूत जमिनीची पाने वगळता एकाच नावाची चारपेक्षा अधिक पाने चालत नाहीत. आणि पहिल्या डावानंतर बदली म्हणून वापरता येतील अशी १५ पाने वेगळी ठेवता येतात. दोन्ही खेळाडू २० गुणांनिशी सुरुवात करतात. ज्याचे गुण शून्यावर येतात तो हरतो. आणि पान उचलायची वेळ आली असताना ज्याचा कॅट संपलेला असतो, तोही हरतो.

याचाच अर्थ असा, की सामन्याचा मोठा भाग पहिले पान वाटले जाण्यापूर्वीच खेळला गेलेला असतो. कोणती ६० पाने न्यायची, हा निर्णय खेळाडू एकांतात घेत असला, तरी त्याचे मोल इतरांनी कोणते कॅट आणले आहेत यावर ठरते. खेळाडू या परिस्थितीला ‘मेटागेम’ म्हणतात. मराठीत त्याला स्पर्धेचे हवामान म्हणता येईल. हवामानाचा अंदाज चुकला, तर उत्तम पीकही आडवे होते.

कंदील, पूल आणि गणित

साल्वाटोच्या कॅटची यंत्रणा समजून घेतल्याशिवाय या विजयाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. २००४ मध्ये छापल्या गेलेल्या ‘लॅन्टर्न ऑफ इनसाइट’ या पानाचा परिणाम एवढाच, की दोन्ही खेळाडूंच्या कॅटमधील सर्वांत वरचे पान सतत उघडे राहते. प्रतिस्पर्धी पुढच्या खेपेस काय उचलणार, हे आधीच दिसते. नुसते दिसून उपयोग नसतो, म्हणून जोडीला ‘कोडेक्स श्रेडर’ आणि ‘घूलकॉलर्स बेल’ यांसारखी पाने. वरचे पान उचलले जाण्यापूर्वीच वापरलेल्या पानांच्या ढिगात टाकून देणे, हे त्यांचे काम. दिसलेले पान निरुपद्रवी असेल तर ते प्रतिस्पर्ध्याला खुशाल घेऊ द्यायचे. धोक्याचे असेल तर उडवून टाकायचे.

समजा, प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या कॅटमध्ये दर पाच पानांमागे एक पान खरोखर घातक आहे आणि अशी पान उडविणारी तीन साधने पटावर आहेत. मग घातक पान त्याच्या हाती पडण्यासाठी लागोपाठ चार पाने घातक निघावी लागतील. ही शक्यता ढोबळमानाने सव्वासहाशेत एक इतकी कमी आहे. राहता राहिला आधीच पटावर आलेल्या प्राण्यांचा हल्ला. त्यासाठी ‘एनस्नेअरिंग ब्रिज’ हे पान. मालकाच्या हातात जितकी पाने असतील, त्याहून अधिक ताकदीचा प्राणी या पानामुळे हल्लाच करू शकत नाही. मालकाने आपला हात रिकामा केला, की बहुतेक सर्व हल्ले थांबतात. पहिल्या काही चालींत प्रतिस्पर्ध्याच्या हातातील घातक पान टाकायला लावायचे, मग पूल आणि कंदील उभे करायचे, आणि त्यानंतर त्याचा कॅट हळूहळू संपत जाताना पाहायचे. हरणाऱ्याला आपण हरलो आहोत हे बऱ्याच आधी कळते. पुष्कळदा तो स्वतःच डाव सोडून देतो.

सुटी पाहिली, तर यांतील कित्येक पाने कोणी सहज उचलणार नाही अशी. ‘पुढचे पान दिसले तरी काय मोठेसे?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे बरोबरच होता. २०११ व २०१२ मध्ये पान उडविणारी स्वस्त साधने उपलब्ध झाली, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर बदलले. बहुसंख्यांनी मात्र प्रश्न पुन्हा विचारलाच नाही. ज्यांनी विचारला त्यांपैकी अमेरिकेच्या झॅक एल्सिकने सप्टेंबर २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथील ग्रां प्री स्पर्धा याच पद्धतीने जिंकून दाखविली. २०१७ च्या आरंभी आलेल्या ‘व्हर ऑफ इन्व्हेन्शन’ या पानाने हवे ते यंत्र कॅटमधून शोधून आणण्याची सोय झाली, आणि साल्वाटोच्या हाती आला तो त्या पानाने अधिक भरवशाचा झालेला कॅट.

नाव परिचित, सराव अपरिचित

बिल्बाओत हा कॅट गुप्त नव्हता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. एल्सिकच्या विजयाला अडीच वर्षे होत आली होती. याद्या सर्वांना उपलब्ध होत्या. मग साल्वाटोचा लाभ कशात होता? उत्तर असे, की प्रतिस्पर्ध्यांना कॅटचे नाव ठाऊक होते, त्याच्याशी झुंजण्याचा सराव नव्हता. कोणते पान केव्हा सोडावे, कोणते राखून ठेवावे, पूल पाडण्याची एकमेव संधी कोणत्या चालीत वापरावी, हे वाचून येत नाही. त्यासाठी शेकडो डाव खेळावे लागतात, आणि समोर येण्याची शक्यता कमी असलेल्या कॅटसाठी इतका वेळ कोणी काढत नाही. ‘मॅजिक’चा हा प्रकार इतका विस्तीर्ण आहे, की सर्व प्रतिस्पर्ध्यांचा सारखा अभ्यास करणे अशक्यच असते. एकीकडे साल्वाटोसाठी प्रत्येक डाव ओळखीच्या प्रदेशातला, तर समोरच्यासाठी अनोळखी. ही विषमता हेच त्याचे भांडवल होते.

भारतीय वाचकांना याचे जवळचे उदाहरण बुद्धिबळात सापडेल. २००८ मध्ये बॉन येथे व्लादिमीर क्रामनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत विश्वनाथन आनंदने आजवरची राजाच्या प्याद्याची सुरुवात बाजूला ठेवून वजिराच्या प्याद्याने डाव उघडले. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना तिसऱ्या आणि पाचव्या डावात त्याने एका गुंतागुंतीच्या प्रकारात क्रामनिकला ओढले आणि दोन्ही डाव जिंकले. आनंदने काही निषिद्ध वा अज्ञात खेळले नव्हते. प्रतिस्पर्ध्याने ज्याची तयारी केली नसेल, नेमकी त्याचीच तयारी त्याने केली होती.

पानांचे मोल कोण ठरवितो?

चाकोरीबाहेरच्या कॅटची परंपरा ‘मॅजिक’मध्ये जुनी आहे. पहिली प्रो टूर स्पर्धा फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्कला झाली. त्याच वर्षी अटलांटा येथील एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय या खेळाडूने दुसरा क्रमांक मिळविला. त्याच्या लाल रंगाच्या कॅटमधील पुष्कळ प्राणी इतके सामान्य होते, की जाणकारांनी ते संग्रहातही ठेवले नसते. परंतु पहिल्या चालीला एकच साधन लागणारे पान, दुसरीला दोन, तिसरीला तीन, असा चढता क्रम साधून एकाही चालीतील साधन वाया जाऊ द्यायचे नाही, हे सूत्र त्यामागे होते. या कॅटची मूळ कल्पना जे श्नायडर यांची. नाव मात्र तो स्पर्धेत खेळविणाऱ्या स्लायचे रूढ झाले. पानाचे मोल त्याच्या एकट्याच्या ताकदीत नसून ते वेळेवर पटावर येण्यात आहे, हा विचार आज नवशिक्याला पहिल्या धड्यात शिकविला जातो. १९९६ मध्ये तो हास्यास्पद वाटला होता.

असाच अनुभव शेजारच्या ‘पोकेमॉन’ पत्त्यांच्या खेळातही आला. ऑगस्ट २०२४ मध्ये होनोलुलू येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत चिलीच्या फर्नांडो सिफुएन्तेस या तरुणाने ‘आयर्न थॉर्न्स’ या पानाभोवती बांधलेल्या कॅटने विजेतेपद मिळविले. स्वतःची शक्ती वाढविण्याऐवजी समोरच्या बलाढ्य पोकेमॉनच्या विशेष क्षमता बंद पाडणे, हा त्याचा गाभा. तिन्ही उदाहरणांत एक समान धागा दिसतो. सगळे जण ज्या गोष्टीच्या मागे धावत होते, तिच्यात बरोबरी करण्याचा प्रयत्न या खेळाडूंनी केला नाही. त्या गोष्टीची उपयुक्तताच त्यांनी कमी केली.

बावन्न टक्के आणि सत्तेचाळीस टक्के

तथापि, या यशोगाथांवरून ‘वेगळे खेळा म्हणजे जिंकाल’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. जिंकलेले विचित्र कॅट इतिहासात नोंदले जातात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गारद झालेल्या शेकडो विचित्र कॅटची नोंद कोणी ठेवत नाही. लोकप्रिय कॅट बहुधा चांगला असतो म्हणूनच लोकप्रिय झालेला असतो.

हिशेब कसा बदलतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, स्पर्धेतील निम्मे खेळाडू एकच लोकप्रिय कॅट घेऊन आले आहेत. एखाद्याने असा कॅट बांधला, की जो या लोकप्रिय कॅटविरुद्ध १०० पैकी ६५ सामने जिंकतो, पण इतरांविरुद्ध केवळ ४०. त्याच्या यशाचे सरासरी प्रमाण साडेबावन्न टक्के येते. आता लोकप्रिय कॅटचे प्रमाण निम्म्यावरून तीस टक्क्यांवर घसरले, तर त्याच खेळाडूचे, त्याच कॅटचे यश साडेसत्तेचाळीस टक्क्यांवर येते. कॅटमधील एकही पान बदललेले नसते. बदललेले असते ते हवामान. शिवाय वेगळा कॅट जिंकला, की पुढील आठवड्यात त्याचा तोडगा प्रत्येकाच्या राखीव १५ पानांत येऊन बसतो. कंदिलाच्या बाबतीत यंत्रांची कामे बंद पाडणारे ‘स्टोनी सायलेन्स’सारखे एक पानही डाव उधळून लावू शकते. वेगळेपणाचा नफा त्यामुळे टिकाऊ नसतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. चाकोरीबाहेरचा कॅट म्हणजे गरीब खेळाडूचा कॅट, असे नेहमी नसते. स्लायची पाने स्वस्त होती हे खरे; पण साल्वाटोच्या कॅटमधील ‘मॉक्स ओपल’ हे बाजारातील महागड्या पानांपैकी होते. पैशाहून मोठा खर्च वेळेचा असतो. लोकप्रिय कॅटचा सराव करायला कोणीही भिडू मिळतो. विचित्र कॅटच्या चुका शोधून देणारा, महिनोन्‌महिने समोर बसणारा सहकारी मिळणे दुर्मीळ असते. मोठ्या सराव गटात नसलेल्या, स्पर्धांच्या केंद्रांपासून दूर राहणाऱ्या खेळाडूला तर ही उणीव अधिकच जाचते.

प्रेक्षक, घड्याळ आणि नियम

अशा कॅटविषयीची तक्रार केवळ पराभूतांची नसते. कंदिलाचा डाव पाहणे पुष्कळांना कंटाळवाणे वाटते. समोर बसणाऱ्याला तर खेळायला आल्याचे समाधानही मिळत नाही. या स्पर्धांत तीन डावांच्या सामन्याला सामान्यतः ५० मिनिटे मिळतात. संथपणे आवळत जाणारा कॅट वेळेचे गणित बिघडवू शकतो. ही चिंता काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सिॲटल येथील प्रो टूर स्पर्धा झेक प्रजासत्ताकाच्या स्टॅनिस्लाव्ह त्सिफ्काने ‘एग्ज’ या अशाच विलक्षण कॅटने जिंकली. त्याची एकेक खेळी इतकी लांबत असे, की समोरच्याला नुसते बसून राहावे लागे. २०१३ मध्ये कंपनीने त्या कॅटचा कणा असलेल्या ‘सेकंड सनराइज’ या पानावर बंदी घातली. स्पर्धांचा होणारा खोळंबा हे कारण उघडपणे देण्यात आले.

कंदिलाच्या वाट्याला मात्र तशी थेट बंदी आली नाही. जानेवारी २०२० मध्ये ‘मॉक्स ओपल’वर बंदी आली ती यंत्रांवर आधारलेल्या अन्य प्रबळ कॅटमुळे, कंदिलाचा आधार त्यात आपसूक गेला. घड्याळाचा प्रश्न आणि आवडीनिवडीचा प्रश्न यांत आयोजकांनी फरक केला, हे स्वागतार्हच म्हणावे लागेल. शंभर टेबलांवरील फेरी एका सामन्यासाठी थांबत असेल, तर हस्तक्षेप योग्य ठरतो. निव्वळ ‘असे खेळणे बरे दिसत नाही’ एवढ्या कारणावर पाने बाद करू लागल्यास कॅट बांधण्याचे स्वातंत्र्य, म्हणजे या खेळाचे वेगळेपणच, संपुष्टात येईल.

उघड्या याद्यांचा काळ

खरा दबाव बंदीचा नसून माहितीचा आहे. १९९६ मध्ये अटलांटात काय जिंकले, हे दूरच्या शहरातील खेळाडूला कळायला वेळ लागे. आता विजयी कॅटची यादी काही तासांत जगभर पोहोचते. ‘मॅजिक’च्या संगणकीय आवृत्तींवर अहोरात्र डाव रंगतात, २०१९ मध्ये चाचणीचा टप्पा संपवून रीतसर सुरू झालेल्या ‘मॅजिक अरीना’ने हा वेग आणखी वाढविला. नवे पत्ते बाजारात आल्यावर सर्वोत्तम कॅट कोणते, याचा निकाल फार लवकर लागतो. कंपनीलाही याची जाणीव आहे. जुलै २०१७ मध्ये ऑनलाइन सामन्यांतील विजयी याद्या प्रसिद्ध करण्याचे प्रमाण तिने मुद्दाम घटविले, ते याच कारणाने.

दुसऱ्या बाजूला, जून २०१८ मध्ये रिचमंड येथील प्रो टूरमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या कॅटची यादी सामन्यापूर्वी पाहण्याची मुभा देण्यात आली आणि पुढे वरिष्ठ स्पर्धांत ही पद्धत रुळत गेली. तिच्यामागील तर्क रास्त आहे. मोठ्या गटांचे खेळाडू हॉलमध्ये फिरून, मित्रांना विचारून कोण काय खेळतो हे शोधत असत. एकट्याने आलेल्याला ते शक्य नसे. यादी सर्वांसमोर उघडी केल्याने ही असमानता मिटते. परंतु पहिल्या डावातील आश्चर्याचा जो धक्का एकट्या खेळाडूच्या पदरी पडे, तोही त्याच वेळी हिरावला जातो. गटाची हेरगिरी आणि एकट्याची कल्पकता, दोहोंवर एकच उपाय लागू झाला आहे.

यात व्यवहाराचाही भाग आहे. २०२२ मध्ये ‘मॅजिक’ हा मूळ कंपनी ‘हॅस्ब्रो’चा एक अब्ज डॉलरचा टप्पा गाठणारा पहिला ब्रँड ठरला. इतक्या मोठ्या उद्योगाला सगळ्या टेबलांवर तेच तीन-चार कॅट दिसणे परवडणारे नाही. खेळाडूंना कंटाळा आला, की पत्त्यांची पाकिटे दुकानातच पडून राहतात. म्हणजेच विक्षिप्त वाटणारा खेळाडू हा आयोजकांच्या डोक्याला ताप असला, तरी त्यांच्या गरजेचाही आहे.

यापुढे गुपितावर उभा असलेला कॅट टिकणे कठीण आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र बिल्बाओचा धडा नेमका त्या पलीकडचा आहे. साल्वाटोकडे गुपित नव्हते. सगळ्यांनी पाहिलेला, नावानिशी ओळखलेला कॅट त्याने इतरांपेक्षा अधिक खोलवर जाणून घेतला होता. त्याच मोसमात सेथ मॅनफिल्डशी बरोबरी झाल्यावर निर्णायक लढत जिंकून तो वर्षातील सर्वोत्तम खेळाडूही ठरला. त्यामुळे त्याचे यश एका कंदिलाच्या उजेडापुरते नव्हते, हेही सिद्ध झाले. यादीची नक्कल एका रात्रीत करता येते. तिच्यामागील शेकडो डावांची नक्कल करता येत नाही. स्पर्धांचे नियम पुढच्या काळात काहीही ठरोत, त्या शेकडो डावांसाठी लागणारा वेळ, भिडू आणि स्थानिक स्पर्धा नवोदितांना उपलब्ध राहतात की नाही, यावरच पुढचा चाकोरीबाहेरचा विजेता घडेल की नाही हे अवलंबून राहील.